एकोणचाळीस ते बेचाळीस

दहावीच्या पुस्तकात त्याला दीड ओळ आहे.
सरकारने अनेक ग्रंथांवर बंदी घातली.
कुठल्या, ते नाही. कुणी वाचून ठरवलं, ते नाही.
परीक्षेला एक गुण :
गाळलेल्या जागा भरा.

निपाणीत एकोणतीस वर्षं
मी ही दीड ओळ चार मिनिटांत शिकवली
आणि पुढच्या धड्याकडे गेले.

यंदा श्रेणिक उपाध्येनं डब्याच्या पिशवीतून एक पुस्तक आणलं.
वखार पाडताना सापडलेलं,
माळ्यावर, तंबाखूच्या बोदात.
मुखपृष्ठ नाही. नाव नाही.
उघडलं आणि पहिल्या बाकावरची शमीम शिंकली,
मग तिच्या मागचे, मग मी,
मग आख्खा वर्ग.
शेजारून हणबर सर कन्नडचा तास सोडून आले.
एनायतु बाई?
सांगेपर्यंत तेही शिंकले.

झडतीला आलेला फौजदार बोद उकलायचाच नाही म्हणे,
डोळ्यांना धारा लागायच्या.
म्हणून पुस्तक वाचलं.
कुणी वाचलं बाई?
कुणी नाही रे. आपोआप वाचलं.

तवनाप्पा पानं मोजत होता.
बाई, अडतीसनंतर एकदम त्रेचाळीस.
कडा बघा की, सरळ हाय.
फाडलेलं न्हाई. कापलंय.
मी म्हटलं, पोलीस आख्खं पुस्तक नेतात.
एवढीच पानं काढायची तर घरचा माणूस लागतो.
म्हंजे ह्याचा पणजोबा भ्याला?
श्रेणिकचे कान लाल.
मी हो म्हटलं नाही. नाही म्हटलं नाही.
खडू बोटांत फिरवत राहिले.

अडतीसचा शेवट : तेव्हा सर्वांनी मिळून
त्रेचाळीसची सुरुवात : सकाळी बैल पाण्यावर नेले.
मधलं लिहा, म्हटलं. वहीत. गुण नाहीत.

गुण नाहीत म्हटल्यावर पोरं भरभरून लिहितात,
हे मला निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कळलं.
कुणी साहेबाचा बंगला जाळला.
कुणी नुसतंच जेवण घातलं, साऱ्या गावाला, खीर-वांग्यासकट.
शमीमनं वखारीतल्या बायांची मजुरी वाढवली, दोन आण्यांनी.
तवनाप्पानं पान कोरं सोडून खाली सही केली :
काहीच नव्हतं बाई, उगीच कापलं.

आणि रेणुका. तिची आई विड्या वळते.
अर्धं मराठीत, अर्धं कन्नडात,
कुठं एक संपली नि दुसरी लागली
ते तिलाही कळलं नसणार :
शाळेच्या पाटीला डांबर कुणी फासलं मला ठाऊक आहे.
रात्री अण्णाचे हात मी रॉकेलनं धुतले.

कुठल्या शाळेच्या, ते लिहिलं नव्हतं.
आमच्याकडं दोन्ही लिप्यांतल्या पाट्या काळ्या होतात.

सोमवारी तपासणी होती. साहेब वह्या बघतात.
शनिवारी, शाळा सुटल्यावर,
मी हणबर सरांकडं ब्लेड मागितलं.
पेन्सिलीला टोक काढायचंय, म्हटलं.
त्यांनी दिलं. माझ्या हातात पेन्सिल नव्हती
हे त्यांनी बघितलं, आणि खिडकीकडं वळून
बस आली का, ते बघत राहिले.

कडा सरळ आली.

ते पान कुठं आहे, ते मी इथं लिहीत नाही.

साहेबांनी वह्या चाळल्या,
हस्ताक्षर बरं आहे म्हणाले, चहा घेतला.
मंगळवारी वही परत दिली.
रेणुकानं उघडली, कापलेल्या कडेवरून
अंगठा फिरवला, सावकाश, वरून खाली,
मग माझ्याकडं बघून
शिंक येणार असल्यासारखं तोंड केलं.

आली नाही.